विडाल पॉझिटिव्ह आली म्हणजे टायफॉईडच का?

घाटावरचा_मालवणी
शनिवार, संध्याकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आईबाबा गावी, कुडाळ तालुक्यात. बाबा ६३ वर्षांचे. शुगर, बीपी काही नाही, शेती अजून स्वतः करतात. सोमवारी दुपारी हुडहुडी भरून ताप आला, १०३ पर्यंत. अंग इतकं ठणकतंय की कुशीवर वळायलाही आईचा हात लागतो. मंगळवारी जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कमरेत इंजेक्शन दिलं आणि तापाच्या गोळ्या. बुधवारी रक्त तपासलं. “विडाल पॉझिटिव्ह आहे, टायफॉईड” असं सांगून सेफिक्झिम सुरू केली. शिवाय अंगदुखीवर रोज एक डायक्लोचं इंजेक्शन, आणि दोन सलाईन झाली.

शेजारच्या मुलाने रिपोर्टचे फोटो पाठवलेत, त्यावरून उतरवतो.

बुधवार: विडाल टायफी ओ १:१६०, टायफी एच १:८०. मलेरिया कार्ड निगेटिव्ह. डेंग्यू एनएस१ निगेटिव्ह.
शुक्रवार: हिमोग्लोबिन १२.८, पांढऱ्या पेशी १३,४००, त्यात न्यूट्रोफिल ८६ टक्के, प्लेटलेट ८४,०००.

ताप आता १०१ च्या आसपास आहे पण माणूस मात्र जास्तच गळालाय. जेवण नाही. आई म्हणते डोळे आलेत, लाल झालेत दोन्ही. लघवीला कमी जातात आणि रंग चहासारखा. फोनवर विचारलं तर “माका काय जाला नाय, जरा पाय भरान इलेत” एवढंच.

टायफॉईड असेल तर औषध लागू का पडत नाही? प्लेटलेट उतरल्यात म्हणजे डेंग्यू तपासणीत सुटला असेल का? उद्या गाडी करून पुण्याला आणू का?


हिरवा_चहा
शनिवार, रात्री ८:०५

प्लेटलेटसाठी पपईच्या कोवळ्या पानांचा रस, दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. आमच्या सोसायटीत तिघांच्या पेशी दोन दिवसांत वाढल्या. किवीही द्या. काळजी घ्या.


लॅबवाली
शनिवार, रात्री ८:२०

पपई राहू दे बाजूला. आधी तातडीचं लिहिते, पुराण नंतर सांगते.

उद्यापर्यंत थांबू नका आणि पुण्याला तर मुळीच आणू नका, तेवढे तास गाडीत घालवण्यासारखी ही अवस्था नाही. आज रात्रीच जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे रात्रीसुद्धा क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि बिलिरुबिन (काविळीसाठी) करून मिळतं आणि आयसीयू आहे, अशा रुग्णालयात न्या. तिथल्या डॉक्टरांना हे चार शब्द आठवणीने सांगा: डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, लघवी कमी, भातशेतीत काम. डायक्लोचं इंजेक्शन पुन्हा घेऊ देऊ नका. लघवी कमी होत असताना डायक्लो म्हणजे मूत्रपिंडावर आणखी भार. तापाला पॅरासिटामॉल पुरे.

मी डॉक्टर नाही. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये नोकरी करते. पण ऑगस्टमध्ये आमच्याकडे ज्या नळ्या येतात त्यात तुमच्या बाबांसारखा रिपोर्ट ओळखीचा आहे. मला लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची शंका येते.

का, ते सांगते. टायफॉईडमध्ये पांढऱ्या पेशी सहसा वाढत नाहीत, उलट कमीच असतात, आणि इओसिनोफिल तर जवळजवळ गायब होतात. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी पडतात, तीन हजार, अडीच हजार. तुमच्याकडे १३,४०० आणि न्यूट्रोफिल ८६. पेशी वाढलेल्या पण प्लेटलेट उतरलेल्या, सोबत लाल डोळे आणि गडद लघवी, आणि माणूस भाताच्या चिखलातला. पोटरी हलकी दाबली तरी ओरडतात का, ते आईला विचारा. लाल डोळ्यांत चिपडं नसतील, पाणी गळत नसेल, तर ते ‘डोळे आलेले’ नव्हेत. आणि पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात का तेही बघा. उंदराच्या, गुराच्या मुतातले जंतू पाण्यात असतात आणि तिथूनच आत शिरतात. जखमी पाय चिखलात घालूनच आपली माणसं लावणी करतात.

(हे टाइप करून मग पुढचं लिहितेय. तुम्ही वाचत बसू नका, फोन लावा.)

आता विडालचं. ही तपासणी फर्नांड विडालने १८९६ मध्ये आणली. आमच्याकडे ती कशी होते ते एकदा डोळ्यांपुढे आणा. काचेच्या पट्टीवर गोल आखलेले असतात. प्रत्येक गोलात रक्तातला पिवळा द्राव, ज्याला आम्ही सीरम म्हणतो, मापाने घालायचा: ८० मायक्रोलिटर, ४०, २०, १०, ५. त्यावर ‘ओ’ साठी निळ्या अँटिजेनचा (मारलेल्या जंतूंच्या द्रावाचा) थेंब, ‘एच’ साठी लाल. काडीने पसरायचं, पट्टी हातात धरून एक मिनिट हलवायची आणि बघायचं दाणे धरतात का. १० च्या गोलापर्यंत दाणे दिसले की आम्ही लिहितो १:१६०. एक मिनिट म्हणजे एकच मिनिट. तेवढ्यात काउंटरवर कोणी “ताई, रिपोर्ट झाला का?” म्हणून आलं आणि दोन-तीन मिनिटं गेली की कडा सुकतात, आणि सुकलेल्या कडेला दाणे असल्यासारखंच दिसतं. १:८० आणि १:१६० मधला फरक म्हणजे फक्त एक गोल.

पण समजा मी अगदी बरोबर वाचलं. तरी त्यातून कळतं काय? की ह्या जंतूशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती. वाण्याच्या वहीत नाव सापडलं म्हणजे गिऱ्हाईक आज दुकानात उभं आहे असं नसतं, जुनी उधारी असू शकते. आपल्या देशात विहिरीचं, नळाचं पाणी प्यालेल्या कित्येक धडधाकट माणसांत १:८० सहज निघतं. मलेरियात, डेंग्यूत, इतर तापांतही विडाल खोटी वर जाते. शिवाय बाबांचं रक्त घेतलं तिसऱ्या दिवशी. खरा टायफॉईड असला तरी नवी प्रतिपिंडं (जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती) पहिला आठवडा सरता सरता तयार होतात. मग तिसऱ्या दिवशीच्या १:१६० ला काय अर्थ द्यायचा? विडालला खरा अर्थ येतो तो दहा-चौदा दिवसांनी पुन्हा करून आकडा चौपट झाला तर. पण तोपर्यंत पेशंट एकतर बरा झालेला असतो किंवा दुसरीकडे गेलेला असतो. दुसऱ्यांदा विडाल करायला आमच्याकडे कोणी येत नाही.

आणि एक मजा बघा. सहाव्या-सातव्या दिवशी विषाणूचा ताप आपोआप उतरतो. ‘टायफॉईडचं’ म्हणून दिलेलं सेफ्ट्रियाक्झोनचं इंजेक्शन लेप्टोवरही चालतं. अझिथ्रोमायसिन स्क्रब टायफसवरही (गवतातला किडा चावून येणारा ताप) चालतं. म्हणजे निदान चुकलेलं असलं तरी ताप जातो आणि घरात कायमचं ठरतं, “मला दर पावसाळ्यात टायफॉईड होतो”. असं सांगणारे लोक मला आठवड्याला भेटतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी, कधी झालेलं नसतं.

टायफॉईडची शंका असेल तर पहिलं अँटिबायोटिक पोटात जायच्या आधी ब्लड कल्चर. मोठ्या माणसाचं एका बाटलीला ८ ते १० मिलि रक्त. लोक एवढी मोठी सिरिंज बघून भांडतात, पण दोन-तीन मिलि घातलं तर जंतू असून उगवत नाहीत. दोन-तीन दिवसांत बहुतेक वेळा कळतं, पाच दिवस बाटली ठेवतात. आलं तर नुसतं नाव नाही, कुठलं औषध चालेल तेही येतं.

माझी एक कायमची तक्रार आहे. फॉर्मवर सगळे ‘ताप’ लिहितात, कितवा दिवस ते कोणी लिहीत नाही. एनएस१ पहिल्या चार-पाच दिवसांत, डेंग्यूचं आणि लेप्टोचं आयजीएम (नव्या प्रतिपिंडांची तपासणी) त्यानंतर. दिवस माहीत नसेल तर निगेटिव्ह रिपोर्टचं काय करायचं? मी आता विचारून विचारून नळीवरच लिहिते.


घाटावरचा_मालवणी
रविवार, दुपारी २:१५

लॅबवाली ताई, काल तुमचं अर्धं वाचूनच फोन लावला. चुलतभावाने रिक्षा काढली, रात्री साडेअकराला ॲडमिट केलं. क्रिएटिनिन ३.१, बिलिरुबिन ४.२. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी पोटऱ्याच दाबल्या आणि बाबा कळवळले. लगेच शिरेतून पेनिसिलिन सुरू केलंय, लेप्टोचं सॅम्पल पाठवलंय, पण रिपोर्टची वाट बघत नाही म्हणाल्या. लघवी मापून लिहितायत, रात्रीपासून ७०० मिलि झाली. ऑक्सिजन ठीक आहे, थुंकीत रक्त आलं तर लगेच सांगा म्हणून भावाला तीनदा बजावलं. मी कणकवलीच्या पुढे पोचलोय.

आणि ऐका. आशाताईंनी जूनमध्येच घरी गोळ्या आणून दिल्या होत्या, आठवड्याला एकदा घ्यायच्या, लेप्टोसाठी. आईला विचारलं तर म्हणाली कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवल्यात. एकही घेतलेली नाही. “आजारी नाय तर गोळी कित्याक” हे त्यावरचं उत्तर.


नागपुरी_संत्रं
रविवार, दुपारी ४:३०

बाबांना आराम पडो. लॅबवालींनी स्क्रब टायफसचं नाव घेतलं म्हणून आमच्याकडचं सांगतो, विदर्भातल्या वाचकांच्या कामी येईल. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याची मोठी साथ होती. आमच्या काकू काटोलकडच्या, बागेत निंदण-गवत काढायचं काम. आठ दिवस ताप, डोकं फुटतंय, विडाल पॉझिटिव्ह, टायफॉईडची इंजेक्शनं सुरू आणि ताप हटत नाही. शेवटी श्वास लागला तेव्हा नागपुरात मोठ्या दवाखान्यात आणलं.

तिथे एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती. तिने पडदा ओढला, काकूंना म्हणाली सगळे कपडे सैल करा, मला अंग बघायचंय. काखा बघितल्या, मानेमागे केस उचलून बघितलं, छातीखाली बघितलं. शेवटी परकराची नाडी जिथे बांधतात तिथे, नाडीच्या घट्ट्याखाली, एक काळी खपली सापडली. मसुराएवढी, भोवती लाल कडी, बिडीचा चटका बसल्यासारखी. काकूंना पत्ताच नव्हता, कारण ती ना दुखते ना खाजते. गवतातल्या बारक्या किड्याची अळी चावते तिथे ती होते. डोळ्याला तो किडा दिसतही नाही.

डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. आधीच्या आठ दिवसांत चार जणांनी तपासलं होतं, पण सगळ्यांनी साडीवरूनच. बाईमाणूस संकोचते हे खरं, पण नर्सबाईंना बोलावून बघता येतं ना? खपली प्रत्येकाला सापडतेच असं नाही, पण शोधायला एक रुपया लागत नाही.


माजी_एमओ
रविवार, रात्री ९:१०

प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करून निवृत्त झालोय. लॅबवाली ताईंचं बहुतेक पटलं, पण गावातल्या डॉक्टरची बाजू मांडतो. त्याच्याकडे कल्चरची सोय नसते. बाटली तालुक्याला पाठवायची तर खर्च पेशंटचा, आणि पेशंटला तीन दिवस थांबायचं नसतं. त्याला आज आजाराचं नाव हवं असतं आणि सलाईन हवं असतं. विडाल शे-दोनशे रुपयांत अर्ध्या तासात नाव देते. “अजून कळलेलं नाही” म्हणणाऱ्या डॉक्टरकडे माणूस पुन्हा येत नाही, हे मी बघितलंय.

तरीसुद्धा कोकणातल्या पावसाळ्यात भातातल्या माणसाला ताप आणि अंगदुखी असेल तर लेप्टो आधी डोक्यात यायला हवा. रोग हलका असताना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, एवढ्या स्वस्तात काम होतं, स्क्रब टायफसही त्यातच झाकला जातो. कावीळ, लघवी कमी, धाप यांतलं काही दिसलं की दवाखान्यात भरती करून शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्झोन. प्रयोगशाळेचा शिक्का येईपर्यंत थांबलेले पेशंट फुफ्फुसातल्या रक्तस्रावाने जातात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे चांगलंच बघितलं.

मूळ प्रश्नातला एक भाग राहिला, की टायफॉईड असता तर औषध एव्हाना लागू पडायला हवं होतं का. नाही. बरोबर औषध मिळालं तरी टायफॉईडचा ताप उतरायला चार-पाच दिवस जातात. त्यामुळे नुसता ताप टिकला म्हणून अँटिबायोटिक रोज बदलू नये. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन आता टायफॉईडवर भरवशाची राहिलेली नाहीत, तरी दुकानदार तीच देतात. ते घेऊ नका. लहान मुलांसाठी टायफॉईडची कॉन्जुगेट लस आहे, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मोहीम काढून दिली होती. खाजगीत मिळते, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आणि सिंधुदुर्गकरांनो, दोडामार्ग-बांदा पट्ट्यात काजूच्या हंगामात ताप आला तर माकडतापही लक्षात ठेवा. तो गोचिडीने होतो, आणि मुख्यतः पाऊस नसतानाच्या महिन्यांतला.


लॅबवाली
रविवार, रात्री ९:३५

सर, नाव द्यायची एवढीच घाई असेल तर फॉर्मवर “ताप, दिवस तिसरा, भातशेती” एवढं लिहा. त्यावरून आम्ही बाकीचं करतो. कल्चर नको, निदान साध्या सीबीसीकडे, रक्तपेशींच्या मोजणीकडे तरी बघा. तुमच्या गावच्या डॉक्टरांच्या हातात शुक्रवारी १३,४०० चा कागद होता.


ठाण्याची_वहिनी
रविवार, रात्री १०:००

मध्येच विचारते. आमच्या ह्यांना खराच डेंग्यू आहे, एनएस१ पॉझिटिव्ह. पाचवा दिवस, कालपासून ताप नाही, प्लेटलेट ४१,०००. सासरचे सगळे रक्तदाते शोधतायत. डॉक्टर म्हणतात आत्ता गरज नाही. कोणाचं ऐकू?


माजी_एमओ
रविवार, रात्री १०:२०

डॉक्टरांचं. रक्तस्राव नसेल तर ४१,००० ला प्लेटलेट चढवत नाहीत. सहसा दहा हजारांखाली गेल्याशिवाय तो विचारही होत नाही. तुमचे नातेवाईक चुकीच्या आकड्यावर डोळा ठेवून बसलेत. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) वाढतोय का ते विचारा, तो वाढला म्हणजे शिरांतलं पाणी बाहेर झिरपतंय. आणि ताप गेला म्हणून सैल सोडू नका, डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच धोक्याचे. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, गार घामेजले हातपाय, गुंगी, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच क्षणी दवाखाना. ब्रुफेन, ॲस्पिरिन नको.


लॅबवाली
रविवार, रात्री १०:३०

वहिनी, शंका असेल तर लॅबला स्लाइड बघायला सांगा. जांभळ्या टोपणाच्या नळीत काहींच्या प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन ते मोजतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ऑइल घालून बघितलं की एका फील्डात सरासरी एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५,००० धरतात. दोन-तीन दिसत असतील तर मशीनचा आकडा बरोबर. पानांचा रस चालू असेल तर उलटी होत नाही ना ते बघा, डेंग्यूत उलटीने पाणी कमी होणं जास्त वाईट. पेशी तशाही सातव्या-आठव्या दिवसापासून आपल्या आपण चढतात, श्रेय पपई घेते.


घाटावरचा_मालवणी
गुरुवार, सकाळी ११:००

लेप्टो आयजीएम पॉझिटिव्ह. क्रिएटिनिन १.७ वर आलं, डायलिसिस लागलं नाही. काल पेज मागून प्याले. सगळ्यांचे आभार, लॅबवाली ताईंचे विशेष.

आता कॅलेंडरमागच्या गोळ्या. आई आणि चुलतभाऊ त्याच मळ्यात होते, त्यांनी सुरू कराव्यात का? भावाची बायको पाचव्या महिन्यात आहे, तीही तरवा काढायला होती.


माजी_एमओ
गुरुवार, दुपारी १२:२५

आई आणि भावाने आरोग्य केंद्रात जाऊन विचारून सुरू कराव्यात. डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, चिखलातलं काम संपेपर्यंत. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर, आणि गोळी घेऊन अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून आतून पोळते. आठवड्याची गोळी घेऊनही ताप येऊ शकतो, आला तर त्याच दिवशी दाखवायचं. भावाच्या गरोदर बायकोने ही गोळी अजिबात घ्यायची नाही, आठ वर्षांखालच्या मुलांनीही नाही. भावाच्या बायकोला आजच केंद्रात न्या. लावणीला शेवटचं कधी गेल्या होत्या ती तारीख सांगा आणि आता ताप, अंगदुखी काही आहे का ते तपासून घ्या. पुढचे तीन-चार आठवडे ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन बघत बसू नका.